जनाक्काची म्होरकी

गवत पिवळं पडायला लागलं की मला थकवा येतो. डॉक्टर म्हणतात बी-ट्वेल्व कमी आहे, बायको, सुनंदा, म्हणते वय झालं, आणि मी दोघांनाही हो म्हणतो, कारण खरं काय ते सांगत बसायचं तर त्यालाही अंगात बळ लागतं. पितृपक्ष सरत येतो, ऊन चटके द्यायला लागतं, आणि रिकाम्या प्लॉटवरचं कमरेइतकं गवत आठवड्याभरात रंग बदलतं. शिरवण्यात आमच्या घरामागे असा एकच तुकडा मोकळा उरलाय. तिथे दरवर्षी माणसं मशीन घेऊन गवत कापायला येतात. दिवसभर घर्रर्र चालू असतं आणि कापलेल्या गवताचा कोरडा, गोडसर वास घरात येतो. सुनंदाला त्याने शिंका येतात, म्हणून ती खिडकी लावून घेते. मला कळंबोली आठवते.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी वजनकाट्यावर होतो. अख्खी नोकरी तिथेच गेली. भरलेला ट्रेलर काट्यावर यायचा, आकडा थरथरत थरथरत थांबायचा, मी पावती फाडायचो, पुढचा ट्रेलर यायचा. डिझेल, गंज आणि तापलेलं लोखंड यांचा एक मिळून वास असतो, तो शर्टातून तीन धुण्यांनीही जात नाही. माझ्या केबिनच्या मागच्या खिडकीतून एक भला मोठा मोकळा प्लॉट दिसायचा आणि त्याच्या टोकाला खाडीचा नाला, त्यापलीकडे तिवरं. त्या प्लॉटवर घोडी होती. एक घोडी आणि तिचं शिंगरू.

घोडी म्हणजे फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. बुटकं तांबूस तट्टू, पोट सुटलेलं, आयाळीत गोखरूचे काटे. तिचे आईबाप कुणीतरी कधीतरी इथे आणून सोडले असणार. कुणी म्हणे लग्नात घोडे भाड्याने देणाऱ्याने सोडले, कुणी म्हणे डोंगरावर माणसं वाहून म्हातारे झालेले होते. पण ही जन्मली ती प्लॉटवरच. माणसाचा हात तिला कधी लागलाच नव्हता. दोनशे पावलांवर माणूस दिसला की ती मान वर करायची, पन्नास पावलं राहिली की नाल्याकडे पळायची आणि शिंगरू तिच्या मागे.

त्या वर्षी गणपती उठल्यावर प्लॉटच्या मालकाचा माणूस आला. दिवाळी झाली की तारेचं कुंपण पडणार, लगेच गोडाऊनचं काम सुरू होणार. मी विचारलं, घोड्यांचं काय? तो म्हणाला, "चार माणसं आणि दोरखंड आणतो. पाय बांधायचे, ट्रकात टाकायचे, घाट चढून पलीकडे सोडून यायचे. टेन्शन नाय."

मला टेन्शन होतं. आदल्या उन्हाळ्यात शेजारच्या यार्डातल्या लोकांनी एक खोंड तसाच फास टाकून धरला होता. पाय मोडला त्याचा. दोन दिवस तो जिथे पडला तिथेच होता आणि मी दोन्ही दिवस पावत्या फाडत होतो. मी काही फार प्राणीप्रेमी वगैरे माणूस नाही, सोसायटीतल्या मांजरांना मी शुक्शुक् करतो. पण ते दोन दिवस माझ्या छातीवर बसलेत, ते अजून उठलेले नाहीत.

पनवेलच्या पुढे जनावरांचा एक छोटा आसरा आहे. तिथे फोन केला. सांभाळणारे गृहस्थ सज्जन, पण स्पष्ट बोलले. "हात लावू देणारं जनावर आणा, दोरीवर चालणारं. रानटी आणलंत तर आम्ही ते सांभाळणार कसं? आमच्याकडे दोनच माणसं आहेत." म्हणजे हिशोब सरळ होता. दिवाळीच्या आत घोडी दोरीवर चालली तर ती वाचणार, नाहीतर दोरखंडवाले येणार.

आता घोडी दोरीवर आणायची कशी? आम्ही शिरवण्याचे आगरी. आमच्या बापजाद्यांनी भात लावलं, मिठागरं राखली, मासे धरले. घोडा आम्ही पाहिला तो नवरदेवाच्या बुडाखाली. मी पहिल्या दिवशी हातात गाजर घेऊन "ये, ये" करत गेलो. घोडी नाल्यापार. दुसऱ्या दिवशी दोन गाजरं घेऊन गेलो. घोडी नाल्यापारच. तिसऱ्या दिवशी सुनंदाने ती गाजरं किसून हलवा केला.

तानाजी म्हणून एक ट्रेलर ड्रायव्हर होता, माण तालुक्याकडचा धनगर. त्याला ही गोष्ट सांगितली तर तो हसला. "काटेवाले, माझी आय आलीया की हितं राहायला. तिला दावा की घोडं. खोलीत बसून बसून माझं डोस्कं खातीया."

दुसऱ्या दिवशी जनाक्का आल्या. सत्तरीच्या, वाळून काटक झालेल्या, कमरेला लोकरीची पिशवी आणि हातात सूत कातायची टकळी. मेंढरं गेली, रान गेलं, पण टकळी काही सुटली नव्हती. प्लॉटच्या कडेला उभ्या राहून त्यांनी घोडीकडे एकदाच पाहिलं आणि मग मुद्दाम मान फिरवली.

"लई रानटी हाय हो आक्का," मी म्हणालो.

"रानटी कुटली? हिला आजवर कुनी इच्यारलंच न्हाय." मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "भाऊ, तुमी बघू नका तिच्याकडं. मानूस टक लावून बघाया लागला की जनावराला कळतं, ह्याला कायतरी पायजे."

"पण पाहिजेच आहे ना आपल्याला!"

"ते आपल्यापाशी. तिला कशाला सांगायचं?"

मग त्या गवतात घोडीकडे पाठ करून बसल्या आणि सूत कातायला लागल्या. बस्स. त्या दिवशी एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी एवढंच. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशी एवढंच. काट्यावर माझं लक्ष लागेना. खिडकीतून बघावं तर म्हातारी बसलीय, टकळी गरगर फिरतेय, आणि घोडी लांब उभी आहे. माझ्या डोक्यात दिवाळीची उलटी मोजणी. सुनंदा म्हणायची, "तुमाला दमच नाय. पोराची दहावी होती तवा पन तुमी त्याच्या खुर्चीमागं उभे राहायचे." खोटं नव्हतं ते. पोरगा आता पुण्यात असतो, फोनवर चांगला बोलतो, पण मी त्याच्या घरी गेलो की दार लोटून काम करतो.

त्यांच्यात घोडं बायकांचं, असं जनाक्कांनी एकदा सांगितलं. गडी मेंढरांमागे जायचे. तळ मोडायचा, बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि पुढच्या मुक्कामी न्यायचं ते बायकांनी. भांडी, वाकळा, कोंबड्या, वर बांधलेलं तान्हं मूल, सगळं घोड्याच्या पाठीवर. "घोडं उधळलं तर लेकरू जातंय, भाऊ. मंग दांडगाई करून भागंल का?" त्यामुळे धाकाने शिकवलेलं घोडं त्यांना चालायचंच नाही. आपण होऊन आलेलंच लागायचं.

दहाव्या की अकराव्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं तर घोडी जनाक्कांच्या पाठीशी, अगदी हाताच्या अंतरावर. मान लांब करून त्यांच्या पदराचा वास घेत होती. जनाक्कांचा हात थांबला नाही, टकळी फिरतच होती. काट्यावर ट्रेलर हॉर्न मारत होता आणि मी वेड्यासारखा उभा. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. कशाला आलं कोण जाणे.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, हे मला तेव्हा कळलं नाही. दुपारच्या सुट्टीत मी जायला लागलो. तोवर जनाक्कांनी मला परवानगी दिली होती, पण अटी घालून: बोलायचं कमी, हात खालून न्यायचा, तोंडाला आधी हात लावायचा नाही, मानेच्या बुडाशी खाजवायचं. घोडीला तिथे खाजवलं की तिचा खालचा ओठ लोंबायचा आणि डोळे अर्धे मिटायचे. तिच्या अंगाला उन्हात वाळलेल्या गोणपाटासारखा वास यायचा. मी आयाळीतले गोखरू एकेक करून काढायचो. भाकरी खायची राहून जायची, पण भूक लागायची नाही.

म्होरकी जनाक्कांनी स्वतः वळली, लोकर आणि सुताची. म्होरकी म्हणजे लगाम नव्हे. तोंडात लोखंड नाही, नाकावरून आणि कानामागून जाणारी नुसती मऊ दोरी. ती घालण्याची त्यांची रीत बघण्यासारखी होती. भिजवलेल्या हरभऱ्याची पाटी ठेवायची आणि पाटीच्या तोंडावर म्होरकीचा फास सैल पसरून ठेवायचा. हरभरे खायचे तर घोडीला नाक त्या फासातून घालावंच लागायचं. चार दिवस फास तसाच. पाचव्या दिवशी ती खात असताना त्यांनी वरचा पट्टा कानामागे सरकवला, तर तिने मान हलवूनही पाहिली नाही. शिंगरू बाजूला उभं राहून सगळं बघायचं आणि मधूनच पाटीत नाक खुपसून आईचा मार खायचं.

मग दोरी. "वढायचं न्हाय," जनाक्का रोज सांगायच्या. "दोरी ताणली की तिथंच थांबायचं. तिनं पाऊल टाकलं की लगी सैल सोडायची. जनावर सैल सोडल्यावर शिकतंय." आणखी एक होतं. "दोरी हाताला गुंडाळायची न्हाय. कदीच न्हाय. सोडता आली पायजे." नवरात्र संपत आलं तोवर घोडी माझ्यामागे पन्नास पावलं चालायला लागली होती. माझ्यामागे! मी, वजनकाट्याचा कारकून, आणि मागे घोडी, तिच्यामागे शिंगरू. तानाजीने मोबाइलवर फोटो काढला आणि तो अख्ख्या बाजारात फिरला. मी सगळ्यांना सांगायला लागलो, "आपली घोडी." जनाक्का मात्र तिला नावसुद्धा ठेवू देत नव्हत्या.

दसऱ्याला लोखंड बाजार बघावा. प्रत्येक ट्रेलर धुतलेला, झेंडूच्या माळा, काचेवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. आम्ही काट्याचीही पूजा करतो, प्लॅटफॉर्मवर हळदीकुंकू वाहतो, त्या दिवशी पहिला ट्रेलर नारळ फोडूनच वर चढतो. त्या सकाळी जनाक्का घरी पुरणाच्या नैवेद्यात होत्या, संध्याकाळी येणार होत्या. पाच-सहा ड्रायव्हर केबिनपाशी जमले. एक जण म्हणाला, "काटेवाले, लोखंडाची पूजा करताय आणि जितंजागतं वाहन मागं उभंय. दसऱ्याला घोडा पुजायचा असतो!"

खरंच की, मला वाटलं. दसऱ्याला घोड्याला ओवाळतातच. त्यात चूक काय होतं? मनात वाईट कुणाच्याच नव्हतं, हे मी अजूनही छातीवर हात ठेवून सांगेन. मी हरभऱ्याची पाटी ठेवली, म्होरकी घातली, दोरी धरली. पाच-सहा माणसं एकदम बघून घोडी थोडी मागे सरली, म्हणून मी दोरीचे दोन वेढे हाताला घेतले. म्हटलं, दोन मिनिटांचं काम. कपाळाला कुंकू लागलं. ताट ओवाळून झालं, कापराच्या धुराने ती फुरफुरली, पण उभी राहिली. गळ्यात झेंडूची माळ पडली. काय सुंदर दिसत होती! मग कुणीतरी तिच्या पुढ्यातल्या दगडावर नारळ फोडला, आणि त्याच क्षणी पलीकडच्या यार्डात फटाक्यांची लड लागली.

ती मागच्या पायांवर उभी राहिली. तेव्हा मी सोडायला हवं होतं. मी ओढलं. सगळा जोर लावून ओढलं, दोन्ही पाय रोवून. माझी घोडी पळून जाईल, एवढंच डोक्यात होतं. म्होरकी तिच्या गालात रुतली, तिची मान माझ्याकडे वळली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला सांगता येत नाही. मग तळहाताची सालपटं घेऊन दोरी सुटली आणि घोडी तुटक्या माळेसकट ट्रेलरांच्या मधून नाल्याकडे गेली. माझ्या हातातून रक्त ठिबकत होतं, ते ड्रायव्हर लोकांना दिसलं आणि सगळे माझ्याकडेच धावले. माझ्याकडे काय धावायचं!

दोन दिवस ती दिसली नाही. तिसऱ्या दिवशी तानाजीला सापडली, तिवरांच्या कडेला. लोंबणारी दोरी झुडपात अडकलेली, शिंगरू जवळ उभं. जनाक्का चिखलातून एकट्या गेल्या. दुपारी परत आल्या तेव्हा हातात म्होरकी होती, आणि लोकरीला रक्त लागलेलं. मला वाटलं आता शिव्या बसणार. बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमी आता हितं येऊ नका."

झालं. तेव्हापासून मी पुन्हा खिडकीत. जनाक्कांनी पहिल्यापासून सुरुवात केली. पाठ करून बसणं, टकळी, पाटी. पण घोडी आता पाटीतल्या हरभऱ्याकडे बघायची आणि त्यावर पसरलेल्या फासाकडे बघायची, की मागे फिरायची. फास काढला की यायची, जनाक्कांच्या हातून खायची, खाजवूनही घ्यायची. गालावरची जखम वाळत आली. पण म्होरकी दिसली की संपलं. वसुबारस आली, धनत्रयोदशी आली. प्लॉटच्या कडेला लोखंडी खांब येऊन पडले, आणि त्यांचं वजन माझ्याच काट्यावर झालं. जनाक्का थकलेल्या दिसायला लागल्या. ऐन दिवाळीत घर सोडून म्हातारी गवतात बसते म्हणून तानाजीची बायको चिडलेली. मी दुपारी डबा उघडायचो आणि तसाच बंद करायचो. एकच विचार पोखरत होता: महिनाभराचं त्यांचं काम मी दोन मिनिटांत घालवलं, आणि आता त्याची भरपाई ते मुकं जनावर करणार.

पाडव्याच्या दुपारी जनाक्कांनी तानाजीला केबिनवर पाठवलं. "आय म्हनती, खिडकीतनं बघा."

मी पाहिलं. पाटी ठेवलेली, फास पसरलेला, घोडी लांब उभी. आणि शिंगराने नाक थेट फासातून घालून हरभरे खायला सुरुवात केली होती. महिनाभर आईचा मार खात त्याने जे पाहिलं होतं, तेच ते करत होतं. जनाक्कांनी पट्टा कानामागे सरकवला. मोठ्या म्होरकीत ते डोकं कुठल्या कुठे हरवलं होतं, म्हणून तिथेच बसून त्यांनी गाठी मारल्या. भाऊबीजेपर्यंत शिंगरू सैल दोरीवर चालायला लागलं, आणि घोडी हात लावू देते म्हटल्यावर आसऱ्याचे गृहस्थही तयार झाले.

टेम्पोत घोडी चढणारच नव्हती, तेव्हा चालत न्यायचं ठरलं. "म्हसवडापास्नं कोकणात चालत आलोय आमी," जनाक्का म्हणाल्या, "पनवेल काय लांब हाय?" भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघालो. जनाक्का पुढे, त्यांच्या हातात सैल दोरी, दोरीवर शिंगरू. आणि शिंगरामागे, कुणाचीही दोरी नसलेली, मोकळी घोडी. बाळ जातंय म्हणून आई निघाली. मला काम दिलं होतं ते पुढचं: दोनशे पावलं पुढे चालायचं, लाल फडकं दाखवून ट्रेलर थांबवायचे, हॉर्न मारू नका म्हणून हात जोडायचे. एरवी ओव्हरटेक करताना जीव घेणारे ड्रायव्हर इंजिन बंद करून, टोपी मागे सारून बघत राहिले. तीन तास मी मागे वळून पाहिलं नाही. मागून टापांचा आवाज येत होता, लहान आणि मोठ्या, त्यावर चालत होतो.

आसऱ्याच्या फाटकात शिंगरू आत गेलं. घोडी उंबऱ्याशी थांबली. बराच वेळ उभी होती. मी रस्त्याच्या पलीकडे, बाभळीमागे. मग शिंगरू आतून खिंकाळलं आणि ती गेली. जनाक्का मटकन खाली बसल्या. "सुटलो बाई," म्हणाल्या आणि पाय चोळायला लागल्या.

पुढे आसऱ्यातल्या माणसाने वर्षभर खपून घोडीला म्होरकीची सवय लावली. जनाक्का आता गावी धाकट्या लेकाकडे असतात, गुडघे गेलेत. सणासुदीला मी फोन करतो तर पोराबाळांची चौकशी राहते बाजूला, आधी विचारतात, "खाती का ती?" खाते, म्हणतो मी.

निवृत्त झाल्यापासून दरवर्षी या दिवसांत मी एकदा पनवेलपुढे जाऊन येतो. शिंगरू आता भरदार घोडा झालाय, माझ्या खिशात तोंड घालतो, त्याला काही आठवत नाही. घोडी सगळ्यांच्या हातून खाते. शाळेची पोरं येतात, त्यांच्या चिमुकल्या तळव्यावरून ती दाणा उचलते. माझ्या हातून नाही. किती वर्षं झाली, मी नाना परी केल्या. पाठ करून बसलो, हरभरे नेले, शर्ट बदलला. बाकी कुणाला ती बिचकत नाही, पण मी फाटकातून आत आलो की तिचे कान मागे जातात.

परवा पुन्हा गेलो. आता फार चालवत नाही, रिक्षा केली. दुपारची वेळ, ऊन कडक. आसऱ्यातला माणूस तिला दोरीवर धरून पाण्याच्या हौदाकडे घेऊन येत होता, अगदी सैल दोरीवर. म्हातारी झालीय, पाठ वाकलीय. मी हौदाच्या कडेला बसलो होतो. दहा पावलांवर ती थांबली. त्याने दोरी ताणली नाही, तोही थांबला. "तहानलीय हो," तो ओशाळून मला म्हणाला, "पण येत नाहीये."

"तिचं बरोबर आहे," मी म्हणालो.

गुडघ्यावर हात ठेवून उठलो आणि पार फाटकापर्यंत मागे गेलो. मग ती आली आणि पाणी प्यायली.